व्यसनमुक्ती केंद्रातच हिपॅटायटिस सी, एचआयव्ही आणि टीबीची तपासणी-उपचार: सुरुवात कुठून करावी?

केंद्र_खानदेश

नमस्कार मंडळी. आमचे ४० खाटांचे निवासी केंद्र आहे. बहुतेक पेशंट दारूचे, पण आता गर्दवाले आणि इंजेक्शनवालेही येऊ लागलेत. शेजारीच ओएसटीची (अफूजन्य नशेऐवजी देखरेखीखाली पर्यायी औषध देण्याची) खिडकी आहे, तिथे लोक रोज ब्युप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध घ्यायला येतात.

संसर्गजन्य आजारांच्या बाबतीत सध्या आमचे काम चिठ्ठीवर चालते. खोकला दिसला की टीबी विभागाची चिठ्ठी, इंजेक्शनचा इतिहास असला की आयसीटीसीची (एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्राची) चिठ्ठी, कावीळ असेल तर सिव्हिल. चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस तिथे पोहोचला का, हे बहुतेक वेळा कळतच नाही. म्हणून हे सगळे केंद्रातच आणायचे ठरते आहे. एक पूर्णवेळ डॉक्टर, दोन नर्स, तीन समुपदेशक आहेत. लॅब नाही, फक्त रक्त घेण्याची सोय आहे.

विचारायचे ते असे: कोणाच्या कोणत्या तपासण्या करायच्या आणि कधी? व्यसनाची औषधे आणि या आजारांची औषधे एकमेकांत भिडतात का? आमच्या एका विश्वस्तांचे म्हणणे आहे, ‘आधी व्यसन सुटू दे, मग लिव्हरचं बघू, नाहीतर सरकारी औषध वाया जाईल.’ त्यांना काय उत्तर द्यावे? आणि नातेवाईक रिपोर्ट मागतात तेव्हा काय करता?

---

ओएसटी_खिडकी

विश्वस्तांपासून सुरुवात करतो, कारण तो मुद्दा अडला की बाकी सगळे अडते.

हिपॅटायटिस सी बरा व्हायला व्यसन सुटलेले असावे लागत नाही. गोळी रोज पोटात जावी लागते, एवढेच. अलीकडच्या काळात इंजेक्शन घेतलेल्या लोकांवरच केलेला सिम्प्लिफाय नावाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सोफोसबुव्हिर-वेल्पाटास्विरच्या १२ आठवड्यांनी त्यातले ९४ टक्के लोक बरे झाले होते, आणि त्यांतले बरेच जण उपचार चालू असतानाही इंजेक्शन घेत होते. शिवाय जो अजून सुई वापरतो, त्याच्याकडूनच विषाणू दुसऱ्याकडे जातो. त्याला रांगेत मागे ठेवले तर सगळा गट पुन्हा पुन्हा बाधित होत राहतो.

आता व्यवस्थेचे. तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी सिव्हिलच्या कुठल्याच ओपीडीकडे नाही: माणूस रोज त्याच खिडकीवर येतो, टर्की (नशा थांबल्यावर होणारा त्रास) लागू नये म्हणून येतोच. दुसऱ्या आजाराची गोळी त्याच हातावर ठेवा. नर्स ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवायला देते आणि गोळी विरघळेपर्यंत समोर थांबवते. तोंड रिकामे झाले की पाण्याच्या घोटाबरोबर हिपॅटायटिसची गोळी. रजिस्टरला आणखी एक रकाना, बस.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून चालू आहे. त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळतात. लिव्हर सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणे) नसेल तर सोफोसबुव्हिर ४०० मिग्रॅ आणि डॅक्लाटास्विर ६० मिग्रॅ, रोज एकदा, १२ आठवडे. सिरॉसिस आहे पण पोटात पाणी, रक्ताची उलटी, भ्रम यांपैकी काही नाही, तर सोफोसबुव्हिर-वेल्पाटास्विर १२ आठवडे. यांपैकी काही झालेले असेल तर ती केस तुमची नाही, मोठ्या उपचार केंद्राची. अशा माणसात ब्युप्रेनॉर्फिनही शरीरात साचते, म्हणून तिकडे पाठवेपर्यंत त्याच्या डोसकडेही लक्ष असू द्या.

जिल्हा रुग्णालयाच्या उपचार केंद्राशी एवढेच ठरवा: नोंदणी आणि पहिली भेट तिकडे, तिथे माणसाबरोबर तुमचा कार्यकर्ता जाणार, आणि महिन्याची बाटली पेशंटच्या लेखी संमतीने तुमच्या कपाटात राहणार. एकूण ८४ डोस. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या द्यायच्या नाहीत, पहिल्यापासून सुरुही करायचे नाही. पुढे चालू ठेवायचे आणि चुकलेले दिवस शेवटी जोडून ८४ पूर्ण करायचे. आठवड्याहून मोठा खंड पडला तर मात्र उपचार केंद्राच्या डॉक्टरांना विचारा.

बरा झाला की नाही हे शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी आरएनए (रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का) तपासून कळते. सर्वांत जास्त माणसे इथेच गळतात, कारण तोवर त्यांना बरे वाटू लागलेले असते. ज्या दिवशी पहिली गोळी दिली, त्याच दिवशी ही तारीख ओएसटी कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून टाका.

---

लालनळी

मी रक्ताच्या बाजूने लिहिते.

‘आधी अँटिबॉडी, रिपोर्ट आला की पुन्हा बोलावून आरएनए’ ही पद्धत इंजेक्शनवाल्यांच्या बाबतीत चालत नाही. दुसऱ्या बोलावण्याला शिरही सापडत नाही आणि माणूसही सापडत नाही. बोटातल्या थेंबावर अँटिबॉडीचे (संसर्ग कधीतरी झाल्याच्या खुणेचे) रॅपिड किट लावा. पट्टीवर दोन रेघा आल्या की त्याच बैठकीत सगळ्या नळ्या भरून घ्या:

- जांभळी ईडीटीए नळी, आरएनएसाठी
- दुसरी जांभळी, सीबीसीसाठी (रक्तपेशींची मोजणी; यातून प्लेटलेट हव्या असतात)
- लाल किंवा पिवळी: एएसटी आणि एएलटी (लिव्हरची एन्झाइम), बिलिरुबिन, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी

आरएनएच्या नळीतला प्लाझ्मा ६ तासांच्या आत वेगळा करायचा, मग २ ते ८ अंशांवर ठेवायचा. तुमच्याकडे सेंट्रिफ्यूज नसेल तर रक्त सकाळी ९ ते ११ मध्येच घ्या, म्हणजे दुपारच्या गाडीने नमुना पोहोचतो. संध्याकाळी घेऊन रात्रभर टेबलावर राहिलेल्या नळीत आरएनए तुटू शकतो. रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, आणि तो निगेटिव्ह कागद माणूस वर्षभर खिशात घालून फिरतो.

शिरेचे म्हणाल तर कोपरातली शिर बहुतेकांची दोरीसारखी कडक झालेली असते, तिथे सुया मोडत बसू नका. ‘कुठली चालते?’ असे त्यालाच विचारा, त्याला तुमच्यापेक्षा चांगले माहीत असते. हात कोमट पाण्यात ५ मिनिटे ठेवून, हाताच्या पाठीवरून २३ गेजच्या बटरफ्लायने घ्या. मांडीच्या सांध्यातून घ्या असे तो म्हणाला तरी घेऊ नका.

सिरॉसिसचा अंदाज कागदावरच करता येतो. एपीआरआय म्हणजे एएसटीला त्याच्या वरच्या मर्यादेने भागा, १०० ने गुणा आणि प्लेटलेटने (हजारांत) भागा. समजा ३६ वर्षांचा माणूस आहे, एएसटी ८४, मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख ४० हजार. ८४ भागिले ४० म्हणजे २.१, गुणिले १००, भागिले १४०, उत्तर १.५. हे २ च्या खाली आहे. एफआयबी-४ या दुसऱ्या हिशेबासाठी वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचे वर्गमूळ. एएलटी ६४ असेल तर ३०२४ भागिले ११२०, म्हणजे २.७. हेही ३.२५ च्या खाली. दोन्ही खाली, म्हणून साधा १२ आठवड्यांचा कोर्स.

पण तुमचे पेशंट दारूचे आहेत, म्हणून हे नीट वाचा. दारू एएसटी वाढवते आणि प्लेटलेट पाडते. दाखल होण्याच्या दिवशीचे आकडे घेऊन हिशेब केला तर धडधाकट लिव्हरही सिरॉसिसच्या रकान्यात जाऊन बसते. दारू थांबून दोन-तीन आठवडे झाल्यावर हे दोन आकडे पुन्हा काढा आणि मग हिशेब करा.

आणखी एक: सी बरा झाल्यावरही अँटिबॉडी पॉझिटिव्हच राहते. पुढच्या वर्षी कोणी रॅपिड किट लावून ‘परत झाला’ असे सांगू नये म्हणून फाइलवर लिहा, ‘यापुढे फक्त आरएनए’. सुई चालू असेल तर वर्षातून एकदा.

---

औषधपेटी

औषधे भिडतात का, असे विचारले आहे. भिडतात. आणि भिडली की दोष पेशंटच्या माथी मारला जातो.

सर्वांत मोठा खलनायक रिफॅम्पिसिन. टीबीच्या चार औषधांच्या गोळीत ते असतेच. ते लिव्हरमधली एन्झाइम वाढवते आणि ब्युप्रेनॉर्फिन लवकर संपते. ८ मिग्रॅवर महिनोन्महिने शांत असलेला माणूस टीबीची औषधे सुरू झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत जांभया देऊ लागतो, नाक वाहते, पोट बिघडते, झोप उडते. केंद्रात म्हणतात, ‘नाटक करतोय, डोस वाढवून हवाय.’ टीबीवाले म्हणतात, ‘गोळ्यांचा त्रास आहे, होईल सवय.’ मग तो दोन्ही सोडतो. टीबीची औषधे सुरू होण्याच्या दिवशीच ओएसटीच्या डॉक्टरांना कळले पाहिजे. रोज लक्षणे विचारायची आणि गरजेप्रमाणे २-२ मिग्रॅने वाढवायचे. मेथाडोनवरही हा परिणाम जोरात होतो.

याची उलटी बाजू बहुतेक जण विसरतात. टीबीचा कोर्स संपला की दोन-एक आठवड्यांत एन्झाइम पूर्ववत होतात. वाढवलेला डोस तसाच राहिला तर माणूस पेंगू लागतो, वर दारू किंवा अल्प्राझोलाम घेतले तर श्वासावर येते. कोर्स संपण्याची तारीख ओएसटी कार्डावर हवी.

रिफॅम्पिसिन चालू असताना हिपॅटायटिस सीच्या गोळ्या द्यायच्याच नाहीत. सोफोसबुव्हिर, डॅक्लाटास्विर, वेल्पाटास्विर या तिन्हींची रक्तातली पातळी पडते. आधी टीबी संपवा, किमान दोन आठवडे जाऊ द्या, मग सी. एचआयव्ही असेल तर टीएलडीच्या (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर या तीन औषधांच्या) गोळीसोबत डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ जास्तीची, १२ तासांच्या अंतराने. ती रिफॅम्पिसिन थांबल्यानंतरही दोन आठवडे चालू ठेवायची.

आता दारूच्या वॉर्डातल्या रोजच्या औषधांकडे या. इथे चुका शांतपणे होतात.

कार्बामॅझेपिन: दारूच्या फिट्ससाठी सर्रास लिहिले जाते. तेही रिफॅम्पिसिनसारखेच, सीच्या गोळ्यांसोबत चालत नाही. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोनही नाही. सीचा कोर्स सुरू करण्याआधी लेव्हेटिरासिटामवर आणा.

पँटोप्राझोल (पोटातले आम्ल कमी करणारे): आपल्याकडे दाखल झालेल्या प्रत्येकाला सकाळी उपाशीपोटी एक मिळतेच, कोणी कारण विचारत नाही. वेल्पाटास्विर शोषले जायला पोटात आम्ल लागते. शक्य तर बंदच करा. नाहीच जमले तर वेल्पाटास्विर जेवणासोबत द्या आणि ४ तासांनी ओमेप्राझोल २० मिग्रॅ, त्याहून जास्त नाही. डॅक्लाटास्विरला ही अडचण नाही.

मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, अँटासिडचे पातळ औषध: हे सगळे डोल्युटेग्राविरला पोटातच पकडून ठेवते. टीएलडी या औषधांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. सोपे करायचे तर टीएलडी रात्री झोपताना, बाकी सगळे सकाळी.

डायसल्फिरॅम (दारू सोडण्यासाठीचे): आयसोनियाझिड या टीबीच्या औषधासोबत दिले तर तोल जातो, वागणे बदलते. मेट्रोनिडॅझोलसोबत तर भ्रमाचा झटका येऊ शकतो. जुलाब झाले म्हणून नाइट ड्युटीवाला मेट्रोनिडॅझोल देतो आणि सकाळी सगळे मानसोपचारतज्ज्ञांना शोधत बसतात. टीबीचा पेशंट असेल तर डायसल्फिरॅम नकोच, लिव्हरवर ओझे पडते ते वेगळे.

टीबीच्या औषधांवर एएलटी मर्यादेच्या ३ पट आणि सोबत कावीळ किंवा उलट्या, किंवा लक्षणे नसतानाही ५ पट झाली, तर औषधे थांबवून टीबी अधिकाऱ्यांना त्याच दिवशी फोन करायचा. दारूच्या पेशंटची एएलटी औषधे सुरू करण्याआधी काढलेली नसेल तर नंतर कशामुळे वाढली हे कोणालाच सांगता येत नाही. पायरिडॉक्सिन (बी६ जीवनसत्त्व) विसरू नका, दारूवाल्यांच्या पायांना आधीच मुंग्या असतात.

ट्रॅमाडॉलवर अवलंबून असलेला माणूस आणि औषधांना दाद न देणारा टीबी असे एकत्र आले तर लिनेझोलिड सुरू करण्याआधी ट्रॅमाडॉल बंद झालेले असलेच पाहिजे.

---

केंद्र_खानदेश

पँटोप्राझोल आणि कार्बामॅझेपिन दोन्ही आमच्या छापील ऑर्डर शीटवरच आहेत! ते आज काढतो.

हिपॅटायटिस बीचे काय? आणि तपासणीची संमती कितव्या दिवशी घेता? काही जण पहिले तीन-चार दिवस भानावरच नसतात.

---

गटचर्चा

निवासी केंद्राचे सांगते.

संमती दारूच्या पेशंटकडून पहिल्या दिवशी घेऊ नका. हात थरथरत असतात, काही जण भ्रमात असतात. अशा वेळी घेतलेली सही ही संमती नव्हे. वार आणि तारीख नीट सांगता आली, आपण काय विचारले ते स्वतःच्या शब्दांत परत सांगता आले, की घ्या. बहुतेकांच्या बाबतीत हा पाचवा ते सातवा दिवस असतो. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तपासणीला माहितीपूर्वक संमती लागते आणि कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर निकाल त्या माणसाच्या परवानगीशिवाय इतरांना सांगता येत नाही. बायको असो, भाऊ असो, की फी भरणारे वडील. ‘एचआयव्ही केल्याशिवाय प्रवेश नाही’ असा नियम केंद्राने ठेवलेला असेल तर तो काढून टाका.

नातेवाईकांना मी सरळ सांगते, ‘रक्ताचे रिपोर्ट त्याच्याकडे आहेत, त्याला विचारा.’ आणि त्याला स्वतंत्र बसवून विचारते, घरी कोणाला सांगायचे, आज की नंतर, मी सोबत असू का. बायकोची तपासणी व्हायला हवी हे त्याला पटवणे हे समुपदेशनाचे काम आहे, चोरून फोन करण्याचे नाही. फाइलवर लाल ठिपका, खाटेवर वेगळी चादर, ताटाला खूण असले काही नको. गटात बसलेल्या ४० जणांना दोन दिवसांत त्याचा अर्थ कळतो.

टीबीची चौकशी मात्र पहिल्या तासातच, डॉर्मिटरीत नेण्याआधी. खोकला, ताप, वजन उतरणे, रात्रीचा घाम. ‘बिडीचा खोकला आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका, बिडी ओढणाऱ्यालाच टीबी जास्त होतो. एकाही प्रश्नाला हो आले तर बेडका नॅट (टीबीचा जंतू जनुकांवरून ओळखणाऱ्या) तपासणीला आणि छातीचा एक्स-रे. रिपोर्ट येईपर्यंत खिडकी असलेल्या वेगळ्या खोलीत झोपवा. बेडका बाथरूममध्ये घेऊ नका, उघड्यावर घ्या. जमले तर सगळ्यांचाच एक्स-रे काढा, लक्षण नसलेलेही निघतात. निदान झाल्यावर निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद होते आणि पोषणाचे पैसे खात्यावर येतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये. ‘पैसे हातात पडले की पिऊन टाकेल’ म्हणून खाते उघडून न देणारी केंद्रे असतात. ते पैसे त्याच्या हक्काचे आहेत, आपण अडवायचे नाहीत.

हिपॅटायटिस बी: एचबीएसएजी निगेटिव्ह आली की लगेच लस. नेहमीचे वेळापत्रक ०, १, ६ महिने. पण सहाव्या महिन्याला माणूस कुठे असेल सांगता येत नाही. त्यापेक्षा ०, ७, २१ दिवस हे जलद वेळापत्रक महिनाभराच्या मुक्कामात पूर्ण बसते, मग १२ महिन्यांनी चौथा डोस. दंडावरच द्या, कमरेवर नाही. मधला डोस चुकला तर पहिल्यापासून नाही, पुढचा द्यायचा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर सीचे उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा, कारण सी दबला की बी उसळी मारू शकतो आणि टेनोफोव्हिरचे कवच लागू शकते. एचआयव्हीही असेल तर टीएलडीतच टेनोफोव्हिर आहे.

आणि केंद्रातली दाढी! दर रविवारी न्हावी येतो, एकच वस्तरा, फार तर ब्लेड पाच जणांमागे बदलतो. नेलकटर तर पूर्ण डॉर्मिटरीत एकच, खिळ्याला टांगलेला. एवढ्या तपासण्या करून बी आणि सी तिथून पसरत असतील तर काय उपयोग? माणशी एक ब्लेड, वापरले की पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात. टूथब्रशवर नाव. हे आधी करा, याला लॅब लागत नाही.

---

ओएसटी_खिडकी

गटचर्चा ताईंचे दारूबद्दल मान्य. ओएसटीसाठी मात्र पाचव्या दिवसाची वाट पाहू नका. खिडकीवर नवीन आलेला माणूस टर्कीत असला तरी भानावर असतो. आणि पहिल्या काही आठवड्यांतच सर्वांत जास्त लोक गळतात. पहिला डोस लागून अंग शांत झाल्यावर, त्याच दुपारी बोला आणि किट लावा. एचआयव्हीचा तिथला निकाल फक्त प्राथमिक धरायचा, पक्के निदान आयसीटीसीत तीन तपासण्यांनी. निगेटिव्ह आला आणि सुई चालू असेल तर दर सहा महिन्यांनी पुन्हा.

सुईबद्दल समुपदेशक नुसते ‘सुई शेअर करू नका’ म्हणतात. सी विषाणू चमच्यातून, कापसातून, पाण्यातूनही जातो. प्रत्येकाचे पाणी वेगळे, कापूस वेगळा, हे शब्द वापरूनच सांगावे लागते. सुई-सिरिंज टीआय प्रकल्पाकडून (एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्या गटांसाठीच्या सरकारी प्रकल्पाकडून) मिळते, त्यांचा कार्यकर्ता आठवड्यातून दोनदा खिडकीशी बसू द्या.

सगळे एका छताखाली आणले म्हणजे लोक आपोआप येतील, असेही समजू नका. भारतातल्याच २२ ठिकाणी एकत्रित केंद्रांचा मोठा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये लॅन्सेट एचआयव्हीत आला. केंद्रात प्रत्यक्ष आलेल्यांमध्ये तपासणीचे प्रमाण चांगले होते, पण पूर्ण वस्तीत पाहिले तर ठोस फरक सिद्ध झाला नाही, कारण पुरेसे लोक तिथे पोहोचलेच नव्हते. म्हणून खिडकीची वेळ आधी बघा. सकाळी १० ते १ उघडी असेल तर बिगारी कामाला जाणारा येणारच नाही. ७ ते ९ करून बघा.

---

केंद्र_खानदेश

वेळेचा मुद्दा बरोबर आहे. एक शेवटचे: पेशंट तापाने सिव्हिलला दाखल झाला की दोन दिवसांत पळून येतो. यावर काय करता?

---

औषधपेटी

पळत नाही, त्याला टर्की लागते. वॉर्डात ब्युप्रेनॉर्फिन कोणी लिहिलेले नसते आणि ट्रॅमाडॉल दिले तर ब्युप्रेनॉर्फिनवाल्याला पुरत नाही.

दाखल होताना त्याच्याबरोबर ‘शेवटच्या डोसची चिठ्ठी’ द्या: औषधाचे नाव, मिग्रॅ, शेवटचा डोस किती तारखेला किती वाजता समोर दिला, केंद्राचा शिक्का, डॉक्टरांचा फोन. वॉर्डाच्या डॉक्टरांशी त्याच दिवशी बोला आणि दाखल असेपर्यंत डोस कोण देणार ते ठरवा. तिथे औषध नसेल तर मानसोपचार विभागामार्फत, नाहीतर तुमची नर्स रोज जाऊन समोर देईल अशी लेखी व्यवस्था. नाल्ट्रेक्सोन (अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारे) चुकूनही कोणी लिहू नये हेही चिठ्ठीवर लिहा, नाहीतर तासाभरात भयंकर टर्की.

इंजेक्शन घेणाऱ्याला ताप आणि दम लागत असेल तर हृदयाच्या झडपेचा संसर्ग डोक्यात ठेवून, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी तीन ब्लड कल्चर घ्यायला सांगा. त्याचे उपचार चार ते सहा आठवडे शिरेतून चालतात. एवढे दिवस तो खाटेवर टिकायचा असेल तर ब्युप्रेनॉर्फिन पहिल्या दिवसापासून हवे.

तुमच्या नर्सला सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही. पीईपीचा (एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीच्या औषधांचा) पहिला डोस २ तासांत मिळाला तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा. पहिल्या डोसची गोळी केंद्राच्या कपाटात ठेवता येईल का, हे एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्राला आत्ताच विचारून ठेवा. रात्री १ वाजता सुई टोचली तर कोणाला उठवायचे ते भिंतीवर लिहिलेले असू द्या.